मुठीची पिशवी

सुगी आली की नांदेडच्या आमच्या रस्त्यावरून कडब्याचे ट्रॅक्टर जायला लागतात. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी कडबा एवढा बाहेर आलेला असतो की मागच्या रिक्षावाल्याला पुढचं काही दिसत नाही, आणि तो नुसता हॉर्न वाजवत, शिव्या देत मागे मागे चालतो. विजेच्या तारांना, कडुनिंबाच्या फांद्यांना धाटं अडकून राहतात. वाळल्या ज्वारीचा वास दुसऱ्या मजल्यावर माझ्या गॅलरीपर्यंत येतो. लोकांना त्या वासानं शेत आठवत असेल, हुरडा आठवत असेल. मला एक पिशवी आठवते, आणि मी थकते. हे आधीच सांगून टाकते. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी राहिले, गुडघे तिथंच ठेवून आले. त्यामुळे माझ्याकडून फार उत्साहाच्या लिखाणाची अपेक्षा कुणी करू नये.

यंदा सुगीबरोबर एक कागदही आला आहे. आप्पा, माझे वडील, गेले त्याला आता वर्ष होईल. लातूरच्या मुरुडजवळ आमचं गाव, तिथं चर्चच्या मागच्या दफनभूमीत, त्यांच्यावर दगड बसवायचा आहे. तिथल्या पाळकसाहेबांनी मोठ्या आस्थेनं मजकूर लिहून पाठवला. ‘कुटुंबवत्सल पती व पिता, मंडळीचे निष्ठावंत सेवक.’ खाली आईचं नाव, पत्नी म्हणून. त्याखाली माझं, कन्या म्हणून. मी एकुलती एक, म्हणजे यादी संपली. ‘ताई, एवढं बघून कळवा, कारागीर थांबलाय,’ असा त्यांचा फोन तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा मी ‘आज कळवते’ म्हणाले.

निष्ठावंत सेवक याबद्दल माझी काहीच हरकत नाही. रविवारी पहाटे उठून चर्च झाडणार कोण, तर आप्पा. सतरंज्या झटकून अंथरणार ते, लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा बडवून उपासनेची घंटा करणार ते, गायच्या गीतांचे आकडे फळ्यावर लिहिणार ते, आणि कुणी गेलं तर टिकाव घेऊन खड्डा खणायला पहिला माणूस तोच. पगार एका पैशाचा नाही. कुणी म्हणालं, ‘आप्पा, तुम्हाला दुसरं काम न्हाई का?’ तर म्हणायचे, ‘हाय की. हे झालं की ते.’

मी अडते ती पहिल्या शब्दावर. आणि गंमत अशी की तो शब्द खोटाही नाही. माझ्या लहानपणी आईला दिवसाआड हिवताप यायचा, तेव्हा माझी वेणी आप्पा घालायचे. वेडीवाकडी, पण घट्ट. आईला कधी ‘ए’ म्हणून हाक मारलेली ऐकली नाही. दहावीच्या पहिल्या पेपरला मी हॉल तिकीट घरी विसरले, तर रंगाचे-ब्रशाचे डबे तसेच हँडलला लटकत ठेवून हा माणूस मुरुडपर्यंत सायकल हाणत आला. खिडकीतून तिकीट आत देताना त्यांच्या हाताचा निळा रंग तिकिटाला लागला. पर्यवेक्षक ओरडले, तर त्यांनाच म्हणाले, ‘साहेब, पोरीला ओरडू नका, रंग माझा हाय.’ असा माणूस कुटुंबवत्सल नाही म्हणायचं म्हणजे माझ्या जिभेला काही लाज आहे की नाही!

पण त्याच वर्षी, त्याच हातांपायी, आमच्या घरातलं एक माणूस घराबाहेर गेलं. आणि आप्पा बघत राहिले. आणि मीही.

ते दुष्काळाचं वर्ष होतं, आणि लातूर जिल्हा नवीन नवीन झाला होता. मोठ्या लोकांना नवीन जिल्ह्याचं काय काय वाटलं असेल ते असो. आमच्या घरी जिल्हा आला तो पांढऱ्या रंगाच्या डब्यातून. आप्पा पेंटर होते. पाट्या रंगवायचे. त्याआधी आमचा जिल्हा उस्मानाबाद होता, तो एका दिवसात बदलला, पण पाट्या कशा बदलणार? शाळा, चावडी, सोसायटी, दूध डेअरी, जिकडेतिकडे ‘जि. उस्मानाबाद’. आप्पा सायकलवर गावोगाव जायचे, ‘उस्मानाबाद’वर पांढरा हात मारायचे, तो वाळेपर्यंत झाडाखाली भाकरी खायचे आणि मग निळ्या रंगात ‘लातूर’ काढायचे. पारावरचे म्हातारे त्यांची थट्टा करायचे. ‘पेंटर, आमाला बी एकदा पुसून नवं लिव की.’ आप्पा म्हणायचे, ‘लिवतो, पण वाळस्तोवर उन्हात बसावं लागंल.’

त्या वर्षी पाऊस आला नाही. पेरलेलं उगवलं नाही, उगवलेलं वितीएवढं होऊन करपलं. माणसं रोजगार हमीवर खडी फोडायला गेली. बाकी गाव असं बेजार असताना आमच्या पत्र्याच्या कोठीत मात्र ज्वारी होती, कारण पाट्यांचं काम चालू होतं. म्हणजे दुष्काळात आम्हाला नव्या जिल्ह्यानं जगवलं. आई ती ज्वारी डोळ्यांत तेल घालून जपायची. कोठीच्या आतल्या अंगाला कोळशानं रेघ मारून ठेवायची आणि रोज झाकण काढून बघायची. घरात खाणारे आम्ही चौघं. आई, आप्पा, मी आणि मार्था आत्या.

आत्या आप्पांची धाकटी बहीण. सासर बिलोलीचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, तेव्हा आप्पाच जाऊन तिला शिलाईच्या मशीनसकट घेऊन आले होते. आमच्या ओसरीवर तिचं मशीन दिवसभर चालायचं. आईचं आणि तिचं सख्ख्या बहिणींसारखं नव्हतं, उगाच खोटं कशाला सांगू. पण जमून गेलं होतं. आत्याला भाकरीबरोबर जवसाची चटणी लागायचीच, आणि आप्पांना त्या चटणीचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. आई रोज कुरकुर करायची, ‘एका घरात दोन तोंडं आन् दोन तऱ्हा,’ आणि रोज चटणी कुटायची.

आता पिशवीचं सांगते. आमच्या चर्चच्या मंडळीत मुठीची चाल होती. सकाळी भाकरीचं पीठ घेताना घरातली बाई मूठभर ज्वारी काढून एका गाडग्यात टाकायची. देवाची मूठ. रविवारी उपासना झाली की आप्पा पिशवी घेऊन घरोघर जायचे, बायका गाडगं आणून पिशवीत उपडं करायच्या. ते धान्य मग पाळकांना आणि ज्यांचं कुणी नाही अशांना जायचं. पिशवीचा तळ धरायला मी बरोबर असायचे. मला त्याची भारी लाज वाटायची. सोळा वर्षांची मुलगी रविवारी दारोदार, लोक काय म्हणतील! पण आप्पांना नाही म्हणता येत नसे.

दुष्काळ पडला आणि गाडगी रिकामी झाली. जिथं भाकरीलाच पीठ नाही तिथं मूठ कुठून काढणार? पण आमच्या लोकांची खोड अशी की हे तोंडानं सांगायचं नाही. रविवारी आम्ही गल्लीत शिरलो की दारं लागायला लागली. मग दारं लावायचीही लाज वाटू लागली असेल, कारण माणसं उपासनेलाच येईनाशी झाली. आप्पा रूळ बडवायचे, सतरंज्या अंथरायचे आणि रिकाम्या सतरंज्यांकडे बघत बसायचे. मी म्हटलं, ‘आप्पा, मूठ बंद करा ना काही दिवस.’ ते म्हणाले, ‘बंद केली तर समद्यांच्या तोंडावर सांगितल्यावानी होईल, बायानो तुमच्या घरी काय न्हाई म्हणून. सरूबाईनं जन्मभर मूठ दिली. तिला काय वाटंल?’

दोन दिवसांनी मी शाळेतून आले तर आत्या मशीनवर वेगळीच पिशवी शिवत होती. जाड मांजरपाटाची, आणि तोंडाला माझ्या जुन्या झग्याची लांब बाही जोडलेली. हात कोपरापर्यंत आत जाईल, पण आत काय आहे ते वरून कुणालाही दिसणार नाही. मी विचारलं, हे काय? आत्या दातानं दोरा तोडत म्हणाली, ‘तुझ्या आप्पाचं डोकं.’ तिला सगळं माहीत होतं.

त्या रविवारी आप्पांनी निघण्याआधी कोठीतून ज्वारी घेतली आणि पिशवी अर्धी भरली. आई तेव्हा पाणी आणायला गेली होती. मला म्हणाले, ‘सुशे, पिशवीचं वजन कुणाला बोलायचं न्हाई. आईला बी न्हाई. एकीला सांगितलं की गावाला सांगितलं.’

पहिलं घर सरूबाईचं. एकटी म्हातारी. दार ढकलून आप्पा म्हणाले, ‘सलाम, सरूबाई. आजपासून गाडगं नको. मूठ झाकून आत घालायची. देणाऱ्याची मूठ मी बघायची न्हाई, असं ठरलंय.’ हे ठरवलं कुणी, तर आप्पांनीच, रस्त्यात. म्हातारी घाबरली. मग तिनं रिकामी मूठ आवळली आणि बाहीतून आत घातली. तळ माझ्या हातात होता. आत तिची बोटं ज्वारीला लागली तसा तिचा हात थांबला. तिनं आप्पांकडे पाहिलं. आप्पा आढ्याकडे बघत म्हणाले, ‘यंदा घुशी लई झाल्या न्हाई का गावात?’ मग तिचा हात बाहेर आला, तसाच मिटलेला, आणि पदराखाली गेला. पिशवी तेवढी हलकी झाली. ‘देव बरं करो,’ आप्पा म्हणाले. आम्ही पुढच्या घरी गेलो.

पुढं हे न सांगता सगळ्यांना कळलं. ज्यांच्याकडे थोडं होतं ते मूठ टाकायचे, ज्यांच्याकडे नव्हतं ते काढून घ्यायचे. कोण काय करतंय ते पिशवीलाच माहीत आणि तळ धरणाऱ्या मला. लोक उपासनेला यायला लागले. पुरुषमाणसंसुद्धा हात घालायची. एकदा एका दांडग्या माणसाची मूठ बाहेर येताना बाहीत अडकली आणि तो लहान मुलासारखा लाल झाला. आप्पांनी बाही हळूच सैल केली आणि त्याच्या बैलांची चौकशी केली. बैल तर त्यानं आधीच विकले होते. त्यालाही ते बोलणं पुढं न्यावं लागलं.

मी हे आज लिहिते आहे तर ऊर भरून येतो, नाही असं नाही. पण तेव्हा मला भूक लागायची, हेही लिहिलंच पाहिजे. दीड भाकरीची एक झाली होती. दहावीचा अभ्यास करताना डोळ्यांपुढं अक्षरं हलायची. आणि दर रविवारी मी माझ्याच घरची ज्वारी तळाशी धरून लोकांच्या दारात नेत होते.

आईची कोळशाची रेघ उघडी पडत चालली. रोजच्या खाण्यापेक्षा जास्त. आधी तिनं उंदीर म्हणून बघितलं, कोठीखाली विटा लावल्या. मग ती गप्प झाली. आई गप्प झाली की आमच्या घरात भांडीसुद्धा जपून वाजायची.

एका दुपारी ते फुटलं. आप्पा ओसरीवर शाळेची पाटी रंगवत बसले होते. ‘जि. ला’ झालं होतं, ‘तू’ चालू होता. आत्या मशीनवर. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन. आई झाकण हातात घेऊनच बाहेर आली आणि म्हणाली, ‘वन्सं, ज्वारी कुठं चालली?’ आत्यानं मशीन थांबवलं. आई म्हणाली, ‘घरात उंदीर न्हाई, घूस न्हाई. मी घेतली न्हाई. पोरगी घेत न्हाई. मग राहिलं कोण?’ तिचा आवाज चढत गेला. दोऱ्याच्या रिळांना पैसे कुठून येतात, कुणाच्या घरी ज्वारी पोचती होते, असं काहीबाही. मला आजही दिसतं ते एवढंच की आई बोलत होती आत्याला, पण उभी होती आप्पांच्या समोर. तिची सावली पाटीवर पडली होती आणि आप्पा त्या सावलीत ब्रश फिरवत होते.

आत्यानं आप्पांकडे पाहिलं. मी आप्पांकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. ‘अगं, मी नेली.’ तीन शब्द. मी तरी बोलायचं! सोळा वर्षांची घोडी होते, तोंडात जीभ होती. पण मी वचन दिलं होतं, आणि खरं सांगायचं तर आईची भीती वाटली. आप्पांच्या ब्रशानं ‘तू’चा उकार काढला तो लांबत लांबत पाटीच्या खालच्या पट्टीत गेला. ते बोलले नाहीत.

मग आत्याच म्हणाली, ‘घेतली आसल मीच, वैनी. भूक लागली व्हती.’

दुसऱ्या दिवशी ती बिलोलीला गेली. दिराच्या घरात एक खोली होती तिची. आप्पांनी मशीन एसटीच्या टपावर चढवलं, दोरीनं करकचून बांधलं, आणि दोरी बांधून झाल्यावरही बराच वेळ वरच बसून राहिले. कंडक्टर ओरडला तेव्हा उतरले. आत्या खिडकीतून मला म्हणाली, ‘तळ नीट धर गं, शिवण कच्ची हाय.’ एवढंच. आरोप नाही, रडणं नाही. मला तर वाटतं तिनं आम्हाला चार शिव्या हासडल्या असत्या तर आम्ही सगळेच बरे झालो असतो.

पिशवी पुढच्या सुगीपर्यंत फिरली. पुढच्या वर्षी पिकलं. सुगीच्या उपासनेला लोकांनी टोपल्या भरभरून ज्वारी वेदीपुढं ओतली, कणसं, भोपळे, कोंबड्या, काय नाही ते. सरूबाईनं ओंजळ भरून आणली. आप्पा मागं उभे राहून गात होते, आणि त्यांचा आवाज मधेच बंद पडत होता. लोकांना वाटलं, आनंदानं.

त्यानंतर दरवर्षी सुगी झाली की आप्पा ‘नांदेडकडं पाटीचं काम हाय’ म्हणून निघायचे. पिशवीत ज्वारी असायची. नांदेडला ज्वारी मिळत नाही की काय, असं आईनं कधी विचारलं नाही. ती भाकरी बांधून द्यायची, बरोबर चटणीचा डबा. चार दिवसांनी आप्पा रिकामा डबा घेऊन यायचे. आईनं आत्याचं नाव घरात पुन्हा काढलं नाही. आत्या माझ्या लग्नाला आली नाही, आप्पांच्या मातीला आली नाही. पाय राहिले नाहीत म्हणाली फोनवर. मी नोकरीला नांदेडला आले, बिलोली तिथून दोन तासांच्या रस्त्यावर, आणि इतक्या वर्षांत मी चारदा गेले. दर वेळी तिनं मला चहा पाजला, ब्लाउज शिवून दिला आणि त्या दुपारविषयी चकार शब्द काढला नाही. दर वेळी परतताना मी एसटीत ठरवायचे की आता आईला सांगायचं. आणि गावी आईपुढं बसले की सांगायची राहून जायचे.

तर असा तो शब्द. कुटुंबवत्सल. आप्पा गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. पाळकसाहेबांचा चौथा फोन आला तेव्हा ती समोर बसून सुपात ज्वारी निवडत होती. ऐंशीच्या घरातली बाई, पण खडा अजून बोटाला कळतो. मी फोन ठेवला. मला वाटलं, दगडावर एकदा कोरलं की संपलं. मग आई जाईल, आत्या जाईल, आणि मार्था नावाची एक बाई चोर म्हणूनच राहून जाईल. मी म्हटलं, ‘आई, एक सांगायचंय. कोठीतली ज्वारी आत्यानं नेली नव्हती.’

तिची बोटं चालूच होती. मी सगळं सांगितलं. पिशवी, बाही, सरूबाई, तळ. सांगता सांगता मी रडले. अठ्ठावन्न वर्षांची बाई हमसून हमसून रडले, लाज नाही वाटली. आईनं एक खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, ‘तुझ्या आप्पांनी जवसाची चटणी कधी तोंडाला लावली का गं?’

मी डोळे पुसले.

‘दर सुगीला जवस कुटून देत व्हते मी त्यांच्यासंगं. ती काय त्यांनी खाल्ली?’ तिनं सूप खाली ठेवलं. ‘मला पहिल्या रविवारीच कळलं व्हतं. पाणी आणताना बघितलं, जाताना पिशवी खांद्यावर वाकडी, येताना सरळ. मी काय आंधळी व्हते? कोठीखाली विटा लावल्या त्या बी त्यांना दिसाव्या म्हणूनच. पण मला वाटलं, हा माणूस मला सांगंल. बायको हाय मी त्याची. समद्या गावाची लाज झाकतो, मला एक शब्द सांगत न्हाई. वन्संना माहीत, पोरीला माहीत, मला न्हाई. म्हणून त्या दिवशी बोलायला गेले. वन्संना न्हाई बोलत व्हते मी. तुझ्या आप्पांना बोलत व्हते. म्हणलं, बहिणीवर आळ आला म्हणल्यावर तरी तोंड उघडंल. न्हाई उघडलं. म्हणून आणिक बोलले. तरी न्हाई. मग तोंडातनं जे गेलं ते गेलं, माय. वन्संनी कबूल केल्यावर मला माघारी कसं फिरता येतंय?’

‘मग नंतर? इतकी वर्षं?’

‘नंतर काय, घरात एक भाकर वाचली त्या साली,’ आई म्हणाली. ‘तुझ्या ताटात पडली ती. हे बी खरंच हाय. हे तर कुणालाच सांगायसारखं न्हाई.’

खाली एक कडब्याचा ट्रॅक्टर गेला. मग आई म्हणाली, ‘त्या पाळकाला सांग, दोन दिवस थांब म्हणून. हा शब्द लिवायचा का न्हाई ते मी सांगणारी न्हाई, तू बी न्हाई. मला बिलोलीला ने.’

रात्रभर आईला झोप नव्हती की काय, सकाळी उठले तर खलबत्ता ओट्यावर धुऊन ठेवलेला. आम्ही एसटीनं निघालो. आईचं तिकीट माफ, माझं अर्धं, डबा आईच्या मांडीवर. वाटेतलं नरसी गाव मागं पडलं. मग आई म्हणाली, ‘दारातनं हाकललं तर तू मधे बोलू नको.’

आत्या ओसरीवर मशीनपुढं बसली होती. केस पार पांढरे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आई उंबऱ्याबाहेर उभी. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ओळखणारच नाही ही. आत्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

‘आत या की वैनी. तिथंच का हुब्या राहिल्या?’

आई आत आली आणि तिच्यापुढं डबा ठेवला. आत्यानं झाकण काढून वास घेतला. ‘औंदा उशीर केला चटणीला,’ ती म्हणाली. ‘गेल्या साली तर आलीच न्हाई.’

‘आणणारा गेला, वन्सं,’ आई म्हणाली. ती खाटेच्या कडेवर बसली आणि तोंडात पदर धरून रडली. आत्यानं तिला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही, गप्प बसा म्हणाली नाही. दिराच्या नातसुनेला तेवढं म्हणाली, ‘चहा ठेव गं. साखर जरा बेताची.’

चहा झाल्यावर मी कागद काढला. आई म्हणाली, ‘दगडावर लिवायचंय. ह्या पहिल्या शब्दाला तुमचा होकार पाहिजे. तुम्ही न्हाई म्हणलात तर न्हाई लिवायचा.’

आत्यानं कागद उजेडाला धरला आणि बोट ठेवत वाचलं. ‘कुटुंब...वत्सल.’ ‘व्हता की,’ ती म्हणाली. ‘समद्यांवर जीव व्हता दादाचा. तोंड तेवढं देवानं दिलं नव्हतं त्याला. दर साली यायचा, हितं ह्या खाटेवर बसायचा. मला वाटायचं, आज म्हणंल, मार्थे, माझं चुकलं. जवसाच्या चटणीसंगं मी भाकर खायची, तो बघत बसायचा. मग रडायचा. मग एसटी गाठायचा. लिवा, लिवा. खोटं न्हाई ते.’

मला हायसं वाटलं. मी कागद घ्यायला हात पुढं केला, पण तिचं बोट अजून खाली सरकत होतं. पत्नी. आईचं नाव. कन्या. माझं नाव. तिथं ते बोट थांबलं. तिनं कागद उलटा करून मागं पाहिलं. मागं काही नव्हतं.

‘ह्याच्यात मी कुठं हाय?’ तिनं विचारलं.

तिनं ते साधंच विचारलं, रागानं नाही. ही यादी पाळकसाहेबांनी केली होती, पण मी ती चार फोन होईपर्यंत रोज वाचली होती. शब्दावर अडून बसलेली मी, नावांवर एकदाही अडले नव्हते.

आईनं माझ्या हातातून पेन घेतलं. तिला लिहायला आप्पांनी शिकवलं होतं, लग्नानंतर, पाट्यांच्या पाठीवर, उरलेल्या रंगानं. आता वर्षानुवर्षं सहीपलीकडं काही लिहिलेलं नाही. तिनं कागद मशीनच्या फळीवर ठेवला. आत्यानं मशीनवरचा दिवा लावून दिला आणि कागदाचं टोक धरलं.

‘खाली लई जागा हाय, वैनी,’ ती म्हणाली.

‘खाली नको,’ आई म्हणाली, आणि स्वतःच्या नावाच्या वर लिहायला लागली.